हळद वाळल्याचा आवाज

परवा दुपारी आमच्या टपाल कचेरीच्या खिडकीशी एक बाई आली. तिची लेक पुण्याला दिलेली. लेकीला नव्या हळदीची पुडी पाठवायची होती. पुडी जुन्या धोतराच्या फडक्यात छान शिवून आणली होती, पण पत्ता लिहायला सपाट जागाच नव्हती. मी तिला दोन टाके उसवून पुन्हा नीट आवळायला सांगितलं. तिनं पुडी गुडघ्यावर घेऊन करकचून दाबली आणि आतलं एक हळकुंड मोडलं. टण. एवढाच आवाज. मागं रांगेत माणसं बोलत होती, वर पंखा कुरकुरत होता, तरी तो आवाज मला स्वच्छ ऐकू आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशी, चांगली वाळलीय हळद." ती माझ्याकडं बघतच राहिली. मी ठप्पा मारून पुडी टोपलीत टाकली, पुढच्या माणसाला हाक मारली. त्यानंतर दिवसभर कशात लक्ष लागलं नाही.

मार्च आमच्या भागात पिवळा असतो. वसमतहून कुरुंद्याकडं निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना शिजलेली हळद वाळत पडलेली असते. तिचा वास एसटीच्या खिडकीतून आत येतो, ओलसर, मातकट, जरा कडवट. पुष्कळांना त्या वासानं घर आठवतं. मला एक खोली आठवते, त्या खोलीच्या कोपऱ्यात रचलेली पोती आठवतात आणि त्या पोत्यांना पाठ टेकून भूगोल वाचणारी दहावीतली मी आठवते. त्याला आता दहा वर्षं होऊन गेली. हळद शिजवायला वाफेचे कुकर आले, पॉलिशचे ड्रम ट्रॅक्टरवर फिरायला लागले. तेव्हा पत्त्यात जिल्हा परभणी लिहायचो, आता हिंगोली लिहितो. माझे कान मात्र तेच आहेत.

माझे कान तिखट आहेत असं घरात पहिल्यापासून म्हणायचे. ऐकणाऱ्याला ते कौतुक वाटतं. ज्याचे कान असे असतात त्याला विचारून बघा. गंमत अशी की मोठ्या आवाजांची मला काही तकलीफ नाही. वीज कडाडू दे, पोळ्याला घरासमोर हलगी वाजू दे, कचेरीत दिवसभर ठप्पे आदळू देत, मी आपली मजेत असते. मला टोचतात ते बारके आवाज, आणि तेही माणसांचे. चहाचा भुरका. दाढेखाली फुटणारी सुपारी. सर्दी झालेल्या पोराचं नाक वर ओढणं. ताटातलं शेवटचं वरण बोटानं पुसून मारलेली मिटकी. हे आवाज कानात थांबत नाहीत. ते दातांच्या मुळाशी जातात, तिथून मानेत उतरतात, मग मुठी वळतात. उठून पळून जावंसं वाटतं. पळायला जागा नसली की समोरच्या माणसाचा इतका राग येतो की त्या रागाचीच भीती वाटायला लागते. आणि समोरचा माणूस काही गुन्हा करत नसतो. तो बिचारा जेवत असतो.

हा राग मला सगळ्यात जास्त कुणाचा यायचा, हे सांगायला आजही जीभ अडखळते. दादांचा. आम्ही वडिलांना दादा म्हणायचो. उंच, किडकिडीत, बोलायला कमी, आणि माझ्यावर जीव टाकणारा माणूस. मी शेंडेफळ, थोरल्या दोघी बहिणींची लग्नं होऊन गेली होती, त्यामुळं घरातला सगळा लाड माझ्या एकटीच्या वाट्याला. वर्षानुवर्षं डिझेल इंजिनाच्या शेजारी उभं राहून दादांचा डावा कान जवळजवळ गेला होता, उजव्यानं जेमतेम ऐकायचे. स्वतःच्या खाण्याचा आवाज त्यांना कुठून ऐकू येणार? भाकरी पुढ्यात आली की ते कांदा बुक्कीनं फोडायचे, वर मिठाचे दोन खडे, आणि पहिली फोड दाताखाली घेताना डोळे मिटायचे. दिवसभर मातीत राबलेला माणूस जेवतो तसे ते जेवायचे, मन लावून, चवीनं, कचाकचा. माय म्हणायची, ह्यांना वाढताना हाताला बरं वाटतं. आणि मी त्याच पंगतीत त्यांच्यासमोर बसून मांडीखाली दाबलेल्या हाताची नखं तळव्यात रुतवत असायची.

आमचं घर शेतात. आमच्याकडं शेतातल्या घराला आखाडा म्हणतात. एक लांबट खोली, वर पत्रे, एक दार. त्याच खोलीत चूल, त्याच खोलीत कणगी, त्याच खोलीत निजणं आणि त्याच खोलीत माझा अभ्यास. गावातल्या पोरींना निदान शेजारचं घर असतं. माझ्या शेजारी तूर होती. जेवणाच्या वेळी मी नाना बहाणे करायची, पाणी आणते, बकरी सुटली वाटतं, पोटात दुखतंय. पण भरल्या ताटावरून उठणं आमच्यात अन्नाचा अपमान, आणि बापाच्या पंगतीतून उठणं त्याहून वाईट. माय नुसती बघायची, मी पुन्हा बसायची. सातवीत असताना एकदाच माझा तोल गेला. मी ताट आपटलं आणि म्हटलं, "हळू खा की जरा." दादांनी मान वर केली, हसून विचारलं, काय म्हणते पोरगी? मायनं माझ्याआधी उत्तर दिलं, की पोट दुखतंय म्हणते. दादा उठले, ओवा शोधून आणला, माझ्या तळहातावर ठेवला. मी तो चावून खाल्ला आणि त्या दिवसापासून तोंड शिवून घेतलं.

मायनं माझ्यावर उपाय मात्र सगळे केले. लसूण कढवलेलं तेल कानात घातलं. कापसाचे बोळे दिले. बोळ्यांनी झालं इतकंच की सगळं जग दूर गेलं आणि चावण्याचा आवाज तेवढा आत राहिला. आत्या आली होती तेव्हा तिनं मायला बाजूला घेऊन सांगितलं की पोरीला शाळा चढली, तिला आता बापाचं ताट नजरेला खपत नाही. मग माझी दृष्ट काढली. मीठमोहऱ्या चुलीत टाकल्यावर तडतडल्या, माय म्हणाली, बघ किती लागली होती. तो तडतडण्याचा आवाज मला फार आवडला होता, पण हे मी तिला कसं सांगणार. आवडणारे आवाजसुद्धा असतात, यावर घरात कुणाचा विश्वास बसला नसता.

एका आवाजानं मात्र मला घरात इज्जत मिळवून दिली. शिजवलेली हळद पंधरा-वीस दिवस उन्हात पडते. वरून ती लवकर वाळलेली दिसते, पण जाड हळकुंडांच्या गाभ्यात ओल राहते. ती जोखायची रीत म्हणजे हळकुंड मोडून ऐकणं. पक्कं वाळलेलं हळकुंड मोडताना टण करतं, पितळी भांड्यावर नख मारावं तसं. आत ओल असली की आवाज मेलेला येतो, कट्, एवढाच. दादांचे हात सगळं जाणायचे, पण टण आणि कट् यांतला फरक त्यांच्या कानांना पुरेसा कळेनासा झाला होता. मी आठवीत असताना ते बाहेर खळ्यावर हळकुंडं मोडत होते आणि मी आत दप्तर भरता भरता मोठ्यानं बोलून गेले, अजून ओली आहे. दादा दारात आले. मला पाठमोरी बसवून त्यांनी निरनिराळ्या ढिगांतली दहा-बारा हळकुंडं मोडली आणि प्रत्येक वेळी विचारलं. मी एकदाही चुकले नाही. त्या दिवसापासून दादा येईल-जाईल त्याला सांगायचे, "आमच्या पोरीचा कान म्हंजे काटा हाय." शेजारच्या आखाड्यांवरनंसुद्धा मला बोलावणी यायची. बायका खळ्यावर बसवून गूळ-पाणी द्यायच्या, हळकुंडं मोडायच्या, आणि मी जज्जासारखी निकाल द्यायची. ज्या कानांनी मला घरात कोंडून ठेवलं होतं त्यांचा असा मान व्हायचा, तेव्हा मला ते आवडायचं. का खोटं बोलू.

मग दहावीचं वर्ष आलं. आमच्या अंगाच्या सात आखाड्यांत मिळून हळदीचा एकच ड्रम होता. भोकं पाडलेला लोखंडी ड्रम, मधून आस, दोन्ही बाजूंना हँडल. वाळलेली हळद आत भरायची आणि चार माणसांनी फिरवायचा. घासून घासून वरची खरबरीत साल निघते आणि हळकुंडाला तकाकी येते. ड्रमाच्या पाळ्या ठरलेल्या असायच्या. आपल्या पाळीला हळद वाळलेली नसली तर पाळी पुढच्याला द्यायची आणि आपण शेवटी लागायचं. आणि एक रीत होती. ज्याच्या खळ्यावर ड्रम, त्याच्या घरी ड्रम फिरवणारी माणसं जेवणार, दोन दिवस, सकाळ-दुपार-संध्याकाळ. ड्रमावरचा माणूस उपाशी गेला तर हळदीला रंग चढत नाही असं मानायचे. आमच्या खळ्याला झाडाची सावली नव्हती. म्हणजे ती सगळी माणसं आमच्या खोलीत बसणार. चौघं फिरवणारे, एक भरणारा आणि दादा. सहा माणसं, सहा कांदे, वर मायनं भाजलेले पापड, आणि जेवणानंतर सुपारी.

मी बोटांवर मोजून बघितलं होतं. आमची पाळी पहिल्या पेपराच्या चार दिवस आधी येत होती. ती चुकली असती तर ड्रम फिरून आला असता तो बरोबर गणिताच्या दोन पेपरांच्या मध्ये. गणित माझं कच्चं. त्या दोन पेपरांच्या मधल्या दिवसांवर माझी सगळी भिस्त होती. दहावीत नापास झाल्यावर आमच्याकडं पोरीचं काय होतं, ते मी थोरल्या दोघींचं बघितलं होतं. पास झाले तर पुढं शिकायला वसमतला, आणि वसमतला म्हणजे ह्या खोलीबाहेर. त्या वयात मला बाकी काही नको होतं, फक्त एक दार हवं होतं.

पाळीच्या आदल्या दिवशी, ऊन उतरताना, दादा खळ्यावर उकिडवे बसले होते. मला हाक मारली. मी गणिताची वही हातात घेऊनच गेले. त्यांनी ढिगातलं एक जाड हळकुंड उचललं आणि मोडलं. कट्. मेलेला आवाज. शंकेला जागाच नव्हती. अजून चार कडक उन्हं तरी लागली असती.

"वाळली का ग?"

"वाळली, दादा."

त्यांनी दुसरं उचललं, मोडलं, उजवा कान माझ्याकडं केला. "बराबर ऐकलंस ना?"

मी मान हलवली. त्यांनी दोन्ही तुकडे ढिगावर टाकले, हात झटकले आणि ड्रम आणायला बैल जुंपायला गेले. पुन्हा विचारलं नाही. काटा एकदा बोलला की बोलला.

ते दोन दिवस कसे काढले ते मला नीट आठवत नाही. ड्रमाची घरघर मला अंगाईसारखी वाटत होती, कारण ती चालू असेपर्यंत कुणी जेवत नव्हतं. ती थांबली की मी पुस्तक मिटायची. माणसं हातपाय धुवून आत यायची, भिंतीला टेकून ओळीनं बसायची, पिवळ्या भुकटीनं माखलेली, चांगली, हसतमुख माणसं. त्यातल्या एकानं मला विचारलं की परीक्षा कधी, आणि त्याच्या तोंडात पापड होता. मी उत्तर दिलं असेल. जेवणाचं माझं दुखणं दृष्ट काढल्यावर गेलं असं मायनं धरलं होतं, त्यामुळं तिला वाटत होतं पोरीला ड्रमाच्या आवाजानं त्रास होतोय. ती सगळ्यांना सांगत होती, तिच्या कानाला ड्रम सोसत नाही. मीही तिला तसंच म्हणू दिलं. ड्रमावर रागावणं सोपं होतं, तो कुणाचा बाप नव्हता.

मग हळद पोत्यांत भरली गेली आणि पोती खोलीच्या कोपऱ्यात रचली गेली. माझी अभ्यासाची जागा नेमकी तीच. मी पोत्यांना पाठ टेकून बसायची. आठवड्याभरात मला वास यायला लागला. आधी अगदी पुसट, ओल्या गोणपाटासारखा. दुसऱ्या कुणाला आला नाही. मी माझा खोटेपणा पाठीशी घेऊन प्रमेयं पाठ करत होते. सांगितलं असतं तर पोती उघडून पुन्हा उन्हात घालता आली असती, निम्मी तरी वाचली असती. पण मग का खोटं बोलले ते सांगावं लागलं असतं. रोज सकाळी ठरवायची, आज सांगू. रोज संध्याकाळी दादा समोर जेवायला बसायचे आणि माझी दातखीळ बसायची.

परीक्षेचं सांगण्यासारखं एवढंच की गणिताच्या पेपराला माझ्या मागची मुलगी सर्दीनं बेजार होती. तीन तास ती नाक ओढत होती आणि मी डाव्या हाताचं बोट कानात घालून, कोपरानं कागद दाबून, उजव्या हातानं गणितं सोडवत होते. बाईंनी दोनदा येऊन माझ्या कानात चिठ्ठी नाही ना हे बघितलं. शांततेसाठी मी घरात एवढी किंमत मोजली होती, आणि ती शांतता माझ्या मागच्या बाकावर येऊन बसली ती नाक ओढतच. पास झाले हे खरं. बेताचेच मार्क पडले.

पेपर संपल्यावर दादा हळद घेऊन वसमतच्या मोंढ्यात निघाले. मला म्हणाले, तू पण चल, परीक्षा दिलीस, चप्पल घेऊ. मी नको म्हणत होते. मायनं नवा परकर घालून पाठवलं. आडतीवर व्यापाऱ्यानं पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातलं एक हळकुंड बाहेर काढलं. मोडण्याआधीच मी डोळे मिटले. कट्. डोळे उघडले तेव्हा व्यापारी मोडलेला तुकडा दादांच्या समोर धरून उभा होता, आतला गाभा काळपट पडलेला. दुसऱ्या पोत्यात तेच, तिसऱ्यात तेच. व्यापारी काही तरी बोलत होता. दादा त्याच्याकडं बघत नव्हते. माझ्याकडं बघत होते. मी रडत नव्हते, पण माझ्या तोंडावर जे होतं ते त्यांना दिसलं असणार.

मग ते व्यापाऱ्याकडं वळले. "व्हय. वाळली नव्हती," ते म्हणाले, "मीच घाई केली."

हळद कुठल्या भावानं गेली ते मी विचारलं नाही. चप्पल मात्र त्यांनी घेतली, निळ्या पट्ट्यांची. जीपमधून उतरून आखाड्याकडं जायला मैलभर गाडीवाट होती. दोन्ही बाजूंना खणून रिकामी झालेली हळदीची वावरं. दादा पुढं, मी मागं, नव्या चपला हातात. निम्म्या वाटेवर ते थांबले.

"तुला ऐकू आलं व्हतं," ते म्हणाले.

"व्हय."

"मग काहून?"

मी सांगितलं. ड्रमाची पाळी चुकली असती, गणिताच्या पेपरांत आली असती. दादांनी ऐकून घेतलं, म्हणाले, एवढंच व्हतं तर सांगायचं. मी ड्रम तिकडं ओढ्याकाठी लावला असता, तुझ्या कानावर आवाज पडू दिला नसता. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. इथं मी गप्प बसायला हवं होतं. सगळं ड्रमावर खपून गेलं असतं, जन्मभर. पण माणूस इतकं भलं वागायला लागला की खोटं आतून टोचायला लागतं.

"ड्रमाचा न्हाई, दादा," मी म्हटलं. "जेवणाचा. खाताना आवाज येते त्याचा. मला सोसत न्हाई."

"त्या माणसांच्या?"

मी हळूच बोलले, पण उजव्या बाजूला उभी होते. "तुमच्या."

ते रिकाम्या वावराकडं वळले. मग विचारलं, "पहिल्यापासून?"

मी मान हलवली. ते चालायला लागले.

त्या संध्याकाळी दादांनी ताट पुढ्यात घेतलं, भाकरी बारीक कुस्करली, वरून वरण ओतलं आणि ती भिजेपर्यंत हात बाजूला ठेवून बसले. कांद्याला हात लावला नाही. मायनं विचारलं, असं काहून खाऊन राहिलात? दात दुखून राहिला, ते म्हणाले. माझ्याकडं बघितलं नाही. मला सगळं कळलं, आणि कळलं नाही असं मी दाखवलं. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मी त्या खोलीत पहिल्यांदा पोटभर जेवले. या वाक्याची लाज मला आजपर्यंत पुरली आहे.

दात दुखायचा थांबलाच नाही. माय लवंगा आणायची, दादा निमूट दाढेत धरायचे. ती म्हणायची, वसमतला जाऊन दाखवा. ते म्हणायचे, हंगाम होऊ द्या. हुरडा नाही, भाजलेल्या शेंगा नाहीत, पापड नाही. चहा बशीतून सुटला आणि थंड करून पेल्यातून यायला लागला. मला वाटलं होतं आवाज गेला की मी सुटेन. झालं असं की पूर्वी मला खोलीतून पळता तरी यायचं, निदान मनात. आता तो माणूस माझ्यासाठी गप्प जेवत असताना उठून जाणार कुठं? त्यांच्या ताटातली ती शांतता मला त्या आवाजाइतकीच ऐकू यायची. सांगावं, दादा, खा हो कांदा, तर दुसऱ्या दिवशी मुठी वळणार हे मला माहीत होतं. न सांगावं तर रोज भिजती भाकरी बघायची. मी न सांगणं पत्करलं. पुढं कॉलेजला वसमतला खोली घेतली, मग टपालात नोकरी लागली, तरी घरी गेले की तेच.

पुढं स्थळं आली. एक मुलगा खरंच चांगला होता, शिकलेला, शांत. त्यानं पोह्यांचा पहिला घास घेतला आणि मला माझं सगळं आयुष्य तिन्ही त्रिकाळ दिसलं. मी नाही म्हटलं. कारण काय सांगणार? मध्यस्थ खोदून खोदून विचारत होते, आत्या कपाळावर हात मारत होती. दादा ओट्यावरून म्हणाले, पोरगा मलाच पसंत न्हाई. मोंढ्यातलीच नजर, मोंढ्यातलाच सूर. असं त्यांनी तीनदा केलं. लोक म्हणायला लागले की बाप मोठा नाकझाड्या आहे, त्याला कुणी पसंतच पडत नाही, त्याच्यामुळं पोरगी घरात राहिली. ते ऐकून मला हसूही आलं नाही. माझ्या कानांचं ओझं वाहायला त्यांनी स्वतःचं नाव दिलं होतं.

याला काही नाव आहे का, मला माहीत नाही. कानाच्या डॉक्टरांकडं एकदा गेले होते. त्यांनी यंत्रानं तपासून सांगितलं, तुमचे कान उत्तम आहेत. सांगताना ते बडीशेप चघळत होते.

परवाच्या त्या पुडीनंतर मी रविवारी घरी गेले. न ठरवता गेले नाही. एसटीत बसल्यापासून एकच वाक्य घोकत होते. खळ्यावर हळद पडली होती. दादा आता वाकलेत, मिशा पार पांढऱ्या झाल्यात. जेवायची वेळ झाली तशी मी मायच्या हातातून परडी घेतली, चांगला मोठा कांदा निवडला, दादांच्या पद्धतीनं बुक्कीनं फोडला, मीठ घातलं आणि त्यांच्या ताटात ठेवला. मग त्यांच्यासमोर मांडी घालून बसले, उजव्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हटलं, "दादा, खा. मी उठणार न्हाई."

दहा वर्षांत ह्या गोष्टीवर आमच्यात पडलेला हा पहिला शब्द. मग त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि तोंड उघडून दाखवलं. पुढचे पडलेत हे मला ठाऊक होतं. मागच्या दाढा कधी गेल्या ते घरात कुणालाच कळलं नव्हतं, कारण ते आधीपासूनच कुस्करून खात होते. खालच्या कोपऱ्यात एक दात उरला होता, एवढंच.

"कशानं खाऊ, बाई?" ते हसत म्हणाले.

माय चुलीपुढून म्हणाली, किती वर्सं दुखून राहिले व्हते, एकदा दाखवले असते तर. आम्ही दोघांनीही तिच्याकडं बघितलं नाही. घोकून आणलेलं वाक्य चार-पाच वर्षं आधी तरी म्हणायला हवं होतं, जेव्हा ते कांदा चावू शकत होते आणि मी फक्त मुठी वळल्या असत्या. मुठी वळून कुणी मरत नाही.

दादांनी त्यातली एक फोड उचलली, वास घेतला, डोळे मिटले, अगदी पूर्वीसारखे. मग ती माझ्या ताटात ठेवली.

"तू खा," ते म्हणाले. "जोरात खा. मला ऐकू आलं पाह्यजे."

आणि त्यांनी उजवा कान माझ्याकडं केला, खळ्यावर करायचे तसा. मी फोड दाताखाली धरली आणि जमेल तितक्या मोठ्यानं चावली. त्या पत्र्याच्या खोलीत मी आयुष्यात केलेला तो सगळ्यात मोठा आवाज असेल.

"आलं का ऐकू?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"अजून एक घे," ते म्हणाले.

मी दुसरी फोड उचलली.